वाचकांचे प्रश्न: खोकला, कफ आणि ती अँटिबायोटिकची स्ट्रिप

मागच्या अंकात सहज लिहून गेलो की प्रत्येक खोकल्याला अँटिबायोटिक लागत नाही, तर त्यावर एवढी पत्रं आली की संपादक म्हणाले यावेळी दुसरा विषयच नको. बरीचशी एकसारखी आहेत म्हणून थोडीच निवडलीत, नावं काढून टाकलीत. आधीच सांगतो, पत्र वाचून औषध लिहून देणार नाही. धावायचं कधी आणि थांबायचं कधी एवढं मात्र सांगेन.

प्रश्न: मुलगा ५ वर्षांचा आहे. सर्दी झाली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड हिरवा होतो. मेडिकलवाले म्हणतात इन्फेक्शन झालंय, अँटिबायोटिक द्या. दिलं की दोन दिवसांत फरक पडतो. मग तुम्ही नको का म्हणता? – एक आई, ठाणे

ताई, तुमच्या बघण्यात चूक नाही, पण त्याचा अर्थ वेगळा आहे. तो हिरवा रंग जंतूंचा नसतोच, आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो. या पेशींच्या पोटात लोह असलेलं एक हिरवट एन्झाइम असतं, पेशी लढून मेल्या की ते शेंबडात उतरतं. समोर व्हायरस असो की बॅक्टेरिया, पेशी येणारच आणि रंग बदलणारच. त्यामुळे नुसत्या रंगावरून कुणी औषध देत असेल तर तो अंदाजपंचे काम करतोय.

आणि "दिलं की फरक पडतो" याचं म्हणाल तर साधी सर्दी तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळ्यात जास्त वैताग देते आणि मग आपणहून उतरायला लागते. आपण गोळी नेमकी चौथ्या दिवशी आणतो. मग सहाव्या दिवशी बरं वाटणारच, गोळी दिली काय, सुंठ उगाळून लावली काय आणि अंगारा लावला काय. श्रेय मात्र गोळीला जातं आणि पुढच्या सर्दीला आपण परत मेडिकलच्या काउंटरवर उभे.

बॅक्टेरियाचा सायनस खरोखर होतो, नाही असं नाही. सर्दी १० दिवस झाले तरी जराही कमी नाही, किंवा कमी होऊन परत उलटली आणि ताप चढला, किंवा सुरुवातीपासूनच १०२ च्या वर ताप आणि सलग तीन-चार दिवस घट्ट पिवळा शेंबूड, असं काही असेल तर मुलाला दाखवा. तोवर नाकात सलाईनचे थेंब, कोमट पाणी, झोप. मध चालेल, पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा नको. आणि मुलांना गरम पाण्याच्या पातेल्यावर वाकवून वाफ देऊ नका, सर्दीपेक्षा भाजलेली मुलं जास्त त्रासात येतात.

प्रश्न: सासरे ७२ वर्षांचे. ताप नव्हता, खोकला पण थोडाच. दोन दिवस जेवले नाहीत, मग रात्री काहीतरीच बडबडायला लागले, स्वतःच्या मुलाला ओळखेनात. आम्हाला वाटलं डोक्याचं काही आहे, सीटी स्कॅन केला, तो नॉर्मल. शेवटी एक्स-रेमध्ये उजवीकडे खाली न्यूमोनिया निघाला. ताप नसताना न्यूमोनिया कसा? आणि आता घरी आलेत तरी महिना झाला दमतात. – सून, सातारा जिल्हा

तुमच्यासारखं पत्र दर हिवाळ्यात येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ताप जंतू आणत नाही, ताप आपलं शरीर आणतं. वय झालं की शरीराचा तो भट्टा नीट पेटत नाही, मग न्यूमोनिया वेगळ्याच वेषात येतो. जेवण सुटतं, माणूस तोल जाऊन पडतो, झोपून राहतो किंवा तुमच्याकडे झालं तसं भ्रमिष्टासारखं बोलतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं वागणं दोन दिवसांत एकदम बदललं तर डोक्याबरोबर छाती आणि लघवी दोन्ही तपासून घ्यायच्या, हे मी माझ्या ज्युनियरना घोकून घोकून सांगतो.

अशा वेळी आम्ही काय बघतो ते सांगतो, म्हणजे दवाखान्यात काय चाललंय ते कळेल. पाच गोष्टी मोजतो: माणूस गोंधळलाय का, रक्तातली युरिया वाढलीय का, मिनिटाला श्वास ३० किंवा त्यावर गेलेत का, बीपी वरचं ९० च्या खाली किंवा खालचं ६० किंवा त्याहून कमी झालंय का, आणि वय ६५ किंवा त्यापुढे आहे का. प्रत्येकाला एक मार्क. शून्य-एक असेल तर बऱ्याचदा घरी गोळ्यांवर भागतं, दोनला दाखल करायचा विचार, तीन आणि वर म्हणजे पेशंट गंभीर. तुमच्या सासऱ्यांचे वय आणि बडबड मिळून दोन मार्क तर दारातच झाले होते. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घरात असेल तर जरूर लावा, हात गार असतील तर चोळून गरम करून मग लावा, नाहीतर आकडा खोटा येतो. ९४ च्या खाली टिकून राहत असेल तर सकाळची वाट बघू नका.

डॉक्टर पाठीवर बोटं ठेवून वरून टकटक करतात ना, त्याची एक गंमत आहे. ऑस्ट्रियातल्या आउएनब्रुगर नावाच्या डॉक्टरने ही पद्धत १७६१ मध्ये लिहून काढली. वडील खानावळवाले, पिंपात दारू कुठवर आहे ते पिंप वाजवून कळतं हे पोराने लहानपणी पाहिलेलं. आपण कलिंगड वाजवून घेतो त्यातलाच प्रकार. हवा भरलेलं फुप्फुस पोकळ वाजतं, न्यूमोनियाने भरलेलं बद्द वाजतं. आता एक्स-रे आहे, सोनोग्राफी आहे, पण ज्याने कपडे वर करून पाठ तपासलीच नाही आणि थेट पाच दिवसांची अँटिबायोटिक लिहिली, त्याच्याकडे मी तरी माझ्या वडिलांना नेणार नाही.

महिन्याभरानंतरचा दम हे नॉर्मल आहे. जंतू आठवड्यात मरतात, पण फुप्फुसातला राडा शरीराला स्वतः उपसून काढावा लागतो, वयस्करांत एक्स-रे साफ व्हायला दीड-दोन महिने सहज लागतात. म्हणून दर आठवड्याला एक्स-रे काढत बसू नका. पण साधारण दीड महिन्याने एकदा जरूर काढा, विशेषतः विडी-सिगारेट ओढत असतील तर, कारण न्यूमोनियाच्या डागामागे कधीकधी गाठ लपलेली असते. रोज थोडं चालवा, बसवा, अंथरुणात पडून राहू देऊ नका. लसींचं खाली एका पत्रात लिहिलंय.

प्रश्न: मी आशा वर्कर आहे. आमच्याकडे लेकरू आजारी पडलं की म्हातारी माणसं म्हणतात पोट उडतंय, अजूनही कुठंकुठं पोटावर चटके देतात. ट्रेनिंगमध्ये श्वास मोजायला शिकवलं पण आईबाप म्हणतात मशीन नाही, सुई नाही, नुसतं बघून तुला काय कळतं. काय सांगू? – नंदुरबार जिल्हा

ताई, तुमचं पत्र सगळ्यात आधी छापायला हवं होतं. त्यांना सांगा की नुसतं बघून जे कळतं ते बऱ्याचदा मशीनलाही कळत नाही. लहान मुलातला न्यूमोनिया ओळखायला सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे श्वास मोजणं. बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्ष ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद. मोजताना बाळ शांत हवं, रडताना किंवा दूध पिताना मोजलं तर फुकट, आणि अख्खं एक मिनिट मोजायचं, अर्धं मोजून दुप्पट करायचं नाही.

तुमच्या त्या म्हाताऱ्यांनी "पोट उडतंय" म्हणून जे पाहिलं ते अगदी बरोबर पाहिलंय बरं का, निदान शंभर टक्के खरं, उपाय मात्र जीवघेणा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो आणि पोट वरखाली होतं, हेच आम्ही पुस्तकात धोक्याचं लक्षण म्हणून वाचतो. तेव्हा त्यांच्याशी भांडू नका, म्हणा आजी तुमची नजर बरोबर आहे, आता चटका नको, दवाखाना. चटक्याची जखम चिघळते ती वेगळीच, आणि तोवर मोलाचे तास जातात.

मशीन नाही म्हणणाऱ्यांना गडचिरोलीची गोष्ट सांगा. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तिथल्या गावांमध्ये साध्या आरोग्य कार्यकर्त्यांना आणि दाईंना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि तोंडाने द्यायचं औषध द्यायला शिकवलं. फार मोजता न येणाऱ्या दाईंसाठी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी लावलेलं साधन केलं, श्वास मोजत मणी सरकवायचे, वाळू संपली की निकाल समोर. १९९० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा अभ्यास छापून आला, न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले होते. सुई नव्हती, सलाईन नव्हतं.

आता यात एक पाचर आहे. जलद श्वास म्हणजे प्रत्येक वेळी बॅक्टेरियाच असं नाही, व्हायरसचा पण असतो, दम्याचा पण असतो. पण जिथे एक्स-रे चाळीस किलोमीटरवर आहे तिथे अँटिबायोटिक सुरू करणं हाच शहाणपणा. ठाण्याच्या ताईंना नाही म्हटलं आणि तुम्हाला हो म्हणतोय, यात काही विसंगती नाही. आणि बाळ दूध ओढत नाही, सगळं उलटून टाकतं, झटके येतात, उठवलं तरी उठत नाही, ओठ निळे दिसतात, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, किंवा शांत असतानाही श्वासाला घरघर येते, तर औषधाचा पहिला डोस देऊन लगेच १०८ ला फोन. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर जलद श्वास एवढंच कारण पाठवायला पुरे.

प्रश्न: मुलगी ११ वर्षांची, घसा दुखत होता, ताप होता. डॉक्टरांनी १० दिवस गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी खणखणीत बरी झाली. आता उरलेल्या कशाला द्यायच्या, उगाच उष्ण पडतील. – कोल्हापूर

द्या. पूर्ण १० दिवस द्या.

घसादुखी बहुतेक वेळा व्हायरसचीच असते. नाक गळतंय, खोकला आहे, आवाज बसलाय तर अँटिबायोटिक नको. पण खोकला नाही, ताप आहे, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आहेत आणि जबड्याखाली दुखऱ्या गाठी लागतात, वय शाळकरी, तर स्ट्रेप नावाच्या जंतूचा संशय येतो, घशातून बोळा फिरवून तपासताही येतं. घसा तीन दिवसांत बरा होतोच, औषध न देताही बऱ्याचदा होतो. मग १० दिवस कशासाठी, तर हृदयासाठी. या जंतूविरुद्ध तयार झालेली शरीराची फौज कधीकधी गफलत करून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर चालून जाते. घसा विसरून दोन-तीन आठवडे झालेले असतात आणि गुडघा सुजतो, मग घोटा, मग धाप. याला ऱ्हुमॅटिक फिव्हर म्हणतात. आपल्याकडे झडपा खराब झालेल्या तरुण मुली अजून येतात, पहिल्या बाळंतपणात दम लागतो तेव्हा कळतं, आणि मग दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं. त्यापुढे १० दिवस काहीच नाहीत.

एक चांगली बातमी पण आहे, हा जंतू अजूनही साध्या पेनिसिलिनला घाबरतो. इतके जंतू औषधांना निर्ढावले पण हा नाही. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये उभा राहिला तो मुख्यतः याच औषधासाठी, आमच्या लहानपणी पेनिसिलिन म्हणजे पिंपरी असंच समीकरण होतं. आता स्वस्त औषध लिहिलं की पेशंटलाच वाटतं डॉक्टर जुने आहेत.

प्रश्न: वय ३१, पुण्यात आयटीत आहे. अडीच महिने खोकला. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी लिव्होफ्लॉक्सासिनचे कोर्स दिले, प्रत्येक वेळी आठवडाभर बरं वाटलं मग परत. वजन ४ किलो कमी झालंय पण मी जिमला जातो त्यामुळे असेल. टीबी वगैरे मला कसा होईल, आमच्या घरात कुणाला नाही.

मित्रा, हे पान मिटून थुंकी तपासायला जा. आजच.

टीबी घर बघून येत नाही, हवेतून येतो, लोकलमधून येतो, एसी ऑफिसातून येतो. दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे थुंकीची तपासणी, एवढा साधा नियम आहे आणि तुझे दहा आठवडे झालेत. आणि लिव्होफ्लॉक्सासिनचं सांगतो, हे औषध टीबीच्या जंतूंवर थोडं चालतं, औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत आम्ही तेच वापरतो. त्यामुळे टीबीच्या पेशंटला एकट्या लिव्होवर ठेवलं की आठवडाभर छान वाटतं, तपासणी निगेटिव्ह यायची शक्यता वाढते, निदान लांबतं आणि जंतू त्या औषधाला सरावतात. ही चूक माझ्या हातूनही झालीय, वीसेक वर्षांपूर्वी, एका शिक्षकाला दोनदा दिलं होतं. नंतर त्यांच्या थुंकीत जंतूंचा नुसता बाजार भरलेला निघाला. तेव्हापासून लांबलेल्या खोकल्याला थुंकी तपासल्याशिवाय त्या गटातलं औषध मी लिहीत नाही.

सरकारी दवाखान्यात सीबीनॅट किंवा ट्रुनॅट तपासणी फुकट होते (ट्रुनॅट आपल्या गोव्याच्या कंपनीचं मशीन आहे), एक-दोन तासांत जंतू आहे का आणि रिफाम्पिसिनला, म्हणजे टीबीच्या मुख्य औषधाला, दाद देतो का दोन्ही कळतं. सकाळी उठल्यावर चूळ भरून खोल खोकून आलेला बेडका द्यायचा, तोंडातली लाळ डबीत टाकून येतात लोक आणि मग रिपोर्ट निगेटिव्ह. निघालाच तर सहा महिने औषधं, तीही फुकट, शिवाय नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. घरच्यांनाही तपासून घे. निघाला नाही तर मला शिव्या घाल, चालेल.

प्रश्न: मुलगा-सून लंडनला. तिथे गेले तेव्हा मला खोकला झाला, तिथल्या डॉक्टरने तपासलं आणि काही न देता परत पाठवलं, म्हणे तीन आठवड्यांत जाईल. शेवटी इथून नेलेली अझिथ्रोमायसिन घेतली. फॉरेनचे डॉक्टर असेच का? आता जाताना कुठल्या स्ट्रिप बरोबर ठेवू? – डोंबिवली

काकू, त्या डॉक्टरने तपासलं, छाती साफ आहे हे पाहिलं आणि खरं तेच सांगितलं. साध्या ब्राँकायटिसचा, म्हणजे श्वासनळ्या सुजल्याचा, खोकला सरासरी तीन आठवडे चालतो आणि अँटिबायोटिकने तो जेमतेम अर्धा दिवस कमी होतो. आपल्याकडे मात्र काही न लिहिता फी घेतली तर पेशंट पुढच्या वेळी समोरच्या दवाखान्यात जातो, हे मी स्वतः भोगलंय, म्हणून दोष एकट्या पेशंटचा नाही की एकट्या डॉक्टरचा.

स्ट्रिप एकही ठेवू नका. आपल्या पाकिटांवर उभी लाल रेघ असते, त्याचा अर्थच चिठ्ठीशिवाय घेऊ नका. २०१४ पासून काही अँटिबायोटिक्स विकताना मेडिकलवाल्याने वहीत नोंद ठेवायची सक्ती आहे, किती ठेवतात ते तुम्ही आम्ही जाणतो. आणि अझिथ्रोमायसिन तर आपण सर्दीला, घशाला, जुलाबाला सगळ्याला एवढं वापरलंय की गरज पडेल तेव्हा ते चालेलच याची खात्री नाही, शिवाय काही जणांत हृदयाचे ठोके बिघडवतं. तुम्हाला बीपी-हृदयाच्या गोळ्या आहेत का ते लिहिलं नाहीत.

त्यापेक्षा जाण्याआधी फ्लूचं इंजेक्शन घ्या.

प्रश्न: न्यूमोनियाची लस म्हणजे नक्की कुठली? नातीला, मला, सगळ्यांना एकच का? – आजोबा, रत्नागिरी

एकच नाही. बाळांच्या सरकारी लसीकरणात दोन गोष्टी येतात. एक पेंटाव्हॅलंट, त्यात घटसर्प, डांग्या खोकला आणि हिब नावाच्या जंतूविरुद्ध भाग असतो, ती दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. दुसरी पीसीव्ही, न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या मुख्य जंतूविरुद्ध, ती दीड महिना, साडेतीन महिने आणि नववा महिना. पीसीव्ही २०१७ मध्ये काही राज्यांत सुरू झाली आणि २०२१ मध्ये देशभर मिळायला लागली, त्याआधी खाजगीत हजारो रुपये मोजावे लागायचे. पुण्याच्या सीरमने डिसेंबर २०२० मध्ये स्वतःची लस आणली. नातीचं कार्ड काढून बघा, नववा महिना हमखास राहतो कारण तेव्हा बाळ ठणठणीत असतं.

तुमच्या वयाला न्यूमोकोकसची लस वेगळी, ती खाजगीत मिळते, ६५ च्या पुढे किंवा डायबेटिस, दमा, हृदय-किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या. आणि फ्लूची लस दरवर्षी. फ्लू व्हायरसचा मग न्यूमोनियाशी काय संबंध विचाराल, तर फ्लू श्वासनळीचं आतलं अस्तर सोलून काढतो आणि मागून बॅक्टेरिया घुसतात. १९१८ च्या साथीत, जी आपल्याकडे मुंबई बंदरातून शिरली, बहुतेक लोक फ्लूने नाही तर त्याच्या मागून आलेल्या न्यूमोनियाने गेले, तेव्हा पेनिसिलिन नव्हतं. आज फ्लूचा ताप उतरून दोन दिवस बरं वाटलं आणि परत थंडी वाजून ताप आला, छातीत एका बाजूला खुपायला लागलं, तर तोच प्रकार समजा आणि दाखवा.

घरात नवं बाळ येणार असेल आणि कुणाला उबळ येऊन उलटी होईपर्यंत खोकला असेल तर त्यांनी तपासल्याशिवाय बाळाजवळ जाऊ नये. मोठ्यांचा डांग्या खोकला ओळखू येत नाही, बाळाचा मात्र श्वासच थांबतो. होणाऱ्या आईने सातव्या महिन्यापासून टीडॅप या डांग्या खोकल्याविरुद्धच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावं.

आणि तुम्ही पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलंय की बायको चुलीवरच स्वयंपाक करते आणि तिला बारमाही खोकला आहे. आजोबा, लसीआधी तो धूर. गॅस असून चुलीची भाकरी लागते म्हणून पेटवत असाल तर भाकरीची चव थोडी सोडा, आणि आजींना एकदा फुंकायची तपासणी करायला घेऊन या, स्पायरोमेट्री म्हणतात तिला.